लाडकी बहीण: हप्ते आधी, छाननी नंतर

बायकांना महिन्याला 1500 रुपये देणाऱ्या लाडकी बहीण योजनेतल्या अपात्र बहिणी, ई-केवायसी (आधारवरून ओळख तपासणं), प्रचारात सांगितलेल्या 2100 चं काय झालं, हे सगळे वाद वेगवेगळे वाटतात पण त्यांचं मूळ 2024 च्या जून ते ऑक्टोबर या चार-पाच महिन्यांत आहे, त्यामुळे तिथूनच बघू.

तशी निवडणुकीआधी काहीतरी द्यायची पद्धत जुनी. 1995 ला एक रुपयात झुणका भाकर होती. 2004 च्या विधानसभेआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, सत्ता परत आली आणि पुढच्याच वर्षी तो निर्णय मागे घेतला गेला. शेतकऱ्यांच्या घरात हे अजून लोकांच्या लक्षात आहे, म्हणूनच "निवडणूक झाली की बंद करणार" हे वाक्य गावात लगेच पटतं. 2013 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जाहीरनाम्यातलं वस्तू वाटायचं आश्वासन कायद्याने भ्रष्ट आचरणात बसत नाही, निवडणूक आयोगाने जाहीरनाम्यांसाठी नियम करावेत. नियम झाले, फरक फारसा पडला नाही.

आता 2024. लोकसभेत सत्ताधारी युतीला 48 पैकी 17 जागा मिळाल्या. निकाल 4 जूनला, आणि 28 जूनच्या अर्थसंकल्पात महिन्याला 1500 रुपयांची घोषणा. मध्य प्रदेशात आदल्याच वर्षी अशी योजना येऊन निवडणूक जिंकून झाली होती, नमुना समोर होता. पहिले काही दिवस तहसीलला आणि सेतू केंद्रात तोबा गर्दी, कारण डोमिसाईल आणि उत्पन्नाचा दाखला हवा होता. मग अटी भराभर सैल झाल्या, पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड चालेल, पिवळं-केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, वय 60 चं 65 केलं. फॉर्म भरायचं ओझं अंगणवाडी ताईंवर. प्रसिद्धीला जवळपास 200 कोटी मंजूर झाले आणि युतीतल्याच एका पक्षाच्या जाहिरातींतून योजनेच्या नावातला "मुख्यमंत्री" शब्द गायब झाला त्यावरून आपापसात जुंपली, इतकं त्या नावाला महत्त्व होतं.

ऑगस्टमधे राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे 3000 खात्यात पडले. बाईच्या स्वतःच्या खात्यात, नवऱ्याला न विचारता काढता येतील असे पैसे. याला जे सरळ लाच म्हणतात त्यांनी हा भाग कधी नीट बघितलाच नाही असं मला वाटतं. विरोधकांनी आधी तिजोरी रिकामी होईल म्हणून टीका केली आणि नंतर स्वतःच 3000 देऊ म्हणाले, मग टीकेत दम राहिला नाही.

खरा वादाचा निर्णय ऑक्टोबरचा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन्ही हप्ते ऑक्टोबरातच एकत्र दिले. भाऊबीजेची ओवाळणी असं सांगितलं गेलं. आचारसंहिता लागली 15 ऑक्टोबरला, मतदान 20 नोव्हेंबरला. म्हणजे आचारसंहितेत वाटप केलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं, कारण वाटप आधीच होऊन गेलं होतं. नियमाचा एक अक्षरही मोडला नाही आणि नियमाचा हेतू मात्र पूर्ण बाजूला पडला, कारण आचारसंहिता कार्यक्रम जाहीर झाल्या दिवसापासून लागते, त्याआधीच्या आठवड्यात सरकार काय करतं त्याला ती हात लावत नाही. यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही, सगळे 1500 चांगले की वाईट यातच अडकले. आणि याच घाईत अर्जांची तपासणी मागे ठेवली गेली. चारचाकी आहे का, दुसऱ्या योजनेचा लाभ आहे का, म्हणजे बाई अपात्र ठरते का, हे तेव्हाच बघता आलं असतं, माहिती सरकारच्याच खात्यांकडे होती.

निकालात युतीला प्रचंड बहुमत. बायकांचं मतदान 2019 च्या सुमारे 59 टक्क्यांवरून 65 च्या वर गेलं, पण पुरुषांचंही वाढलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय योजनेला देणं मला पटत नाही. सोयाबीनचा भाव, आरक्षणाचा प्रश्न, विरोधकांचं जागावाटप हे सगळं होतंच.

नंतर मात्र छाननी आठवली. 2025 च्या फेब्रुवारीपर्यंत पाच लाख नावं कमी झाली. प्रचारात सांगितलेले 2100 मार्चच्या अर्थसंकल्पात आले नाहीत, उलट तरतूद 46 हजार कोटींवरून 36 हजार कोटींवर आली. हजारो पुरुषांनी पैसे घेतल्याचं निघालं. झारखंडमधे त्याच सुमारास निवडणूक झाली, तिथे अशाच योजनेत 1000 चे 2500 करायचं ठरलं आणि जानेवारीत ते दिलेही, म्हणून इथल्या बायका विचारतात की आमचे का नाही, तर त्यात चूक काय?

सप्टेंबर 2025 पासून ई-केवायसी सक्तीची झाली आणि त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाकून ओटीपी मागितला. ज्या बाईचा नवरा आणि वडील दोघंही नाहीत तिने काय करायचं याचा विचारच आधी झाला नव्हता. ओरड झाल्यावर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी ताईंकडे द्यावेत असं ठरलं.