मेंदूच्या गाठीत लवकर विचारायचे प्रश्न

मेंदूत वाढणारी गाठ माणसाच्या बोलण्यावर, स्मरणशक्तीवर आणि निर्णय घेण्याच्या क्षमतेवरच घाला घालू शकते. त्यामुळे रुग्णाशी जे बोलायचे ते पुढे कधीतरी सवडीने बोलू, असे म्हणणे कर्करोगतज्ज्ञाला परवडत नाही.

ग्लायोब्लास्टोमा ही प्रौढांमध्ये आढळणारी अत्यंत आक्रमक गाठ आहे. शस्त्रक्रियेत दिसणारी गाठ पूर्ण काढली तरी तिच्या पेशी आजूबाजूच्या मेंदूत शिरलेल्या असतात. म्हणून त्यानंतर साधारण सहा आठवडे रेडिएशनची ३० सिटिंग आणि त्यांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध दिले जाते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७३ रुग्णांवरील चाचणीने ही पद्धत रूढ केली. केवळ रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांहून अधिक जगले, तर औषधाची जोड मिळालेल्यांत हाच आकडा १४.६ महिने होता. एवढेच ऐकले तर कुटुंब खचते. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेले, हेही त्याच चाचणीने दाखवले आणि तेही त्याच भेटीत सांगितले पाहिजे.

वयस्कर किंवा अशक्त रुग्णांसाठी तीन आठवड्यांत १५ सिटिंगचा छोटा कोर्स उपलब्ध आहे. जिल्ह्याच्या गावाहून मुंबईत येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने वाचलेले तीन आठवडे फार मोलाचे असतात, आणि हा हिशेब डॉक्टरांनी आपणहून मांडायला हवा.

मेंदूची सूज उतरवणाऱ्या डेक्सामेथासोनकडे तर विशेष लक्ष द्यावे लागते. एक-दोन दिवसांत डोकेदुखी कमी होते, अडखळणारी जीभ पुष्कळदा सुटते, घरच्यांना हायसे वाटते. मग झोप उडते, भूक अनावर होते, साखर वाढते, चिडचिड होते. काही आठवड्यांनी मांड्यांचे स्नायू अशक्त होऊन जमिनीवरून उठताना आधार लागतो. ‘आमचे बाबा असे नव्हते हो’ असे मुलगी सांगते, तेव्हा हा बदल गाठीमुळे की गोळीमुळे हे डॉक्टरांनी शोधावे लागते, कारण गोळीचा डोस कमी करता येतो. मात्र ती अचानक बंद करणे धोक्याचे असते. डोस शक्यतो सकाळीच घेतला तर झोपेला थोडा दिलासा मिळतो.

आपल्याकडे नातेवाईक दाराआडून विनवतात, ‘पेशंटला काही सांगू नका’. त्यामागची माया खरी असली तरी या आजारात ती रुग्णाचा बोलण्याचा काळ हिरावून घेते, असे माझे स्पष्ट मत आहे. किती ऐकायचे हे रुग्णालाच विचारावे. कोणती गोष्ट करता येणे त्याला सर्वांत महत्त्वाचे वाटते, गाठ परत वाढली तर पुन्हा शस्त्रक्रिया हवी का, स्वतःला सांगता आले नाही तर कोणाचे ऐकावे, ही उत्तरे पहिल्या काही भेटींतच घेऊन केसपेपरवर नोंदवावीत, आणि वेदनाशामक उपचारांच्या पथकाची ओळखही त्याच सुमारास करून द्यावी.