श्रूड, शार्प आणि मंडईतली गवार

परवा भाचीबरोबर महात्मा फुले मंडईत गेलो होतो. गवार, दोन जुड्या मेथी, पाव किलो आलं. भाजीवाल्या मावशींनी बेरीज तोंडी केली आणि माझ्या हातातली पाचशेची नोट बघून गवारीचा भाव काही उतरवला नाही.

"मामा, मावशी शार्प आहेत," भाची म्हणाली.

मी म्हटलं, बेरजेपुरत्या शार्प. नोट पाहून भाव धरून ठेवला, ते मात्र श्रूड.

हा 'श्रूड' मूळचा शिवीच. 'श्रू' म्हणजे चिचुंद्रीसारखा प्राणी, आणि दुष्ट माणूसही. मध्ययुगीन इंग्रजीत श्रूड म्हणजे दुष्टच; पुढे शतकांनी तो व्यवहारचतुर झाला. 'कनिंग'चं नेमकं उलटं: आधी 'जाणकार', आता कपटी. आपल्याकडेही असं होतंच. फारसी 'चालाक' म्हणजे चपळ. हिंदीत त्याला लबाडीचा वास येतो, मराठीतला 'चलाख' मात्र बहुतेकदा कौतुकाचा.

'स्मार्ट' तर जखमेतून आलाय. जखमेवर आयोडीन लावलं की जे झोंबतं, त्याला इंग्रज आजही 'स्मार्ट' हेच क्रियापद वापरतात. झोंबरं बोलणारा तो स्मार्ट, मग चटपटीत, मग हुशार. 'अक्यूट'च्या मुळाशी लॅटिनमधलं धार लावणं आहे, आणि आपली 'कुशाग्र' बुद्धी दर्भाच्या टोकासारखी. दोन्हीकडे उपमा टोकदार वस्तूचीच सुचली, याची मला गंमत वाटते.

मानसशास्त्रानेही बुद्धीचे प्रकार पाडले. रेमंड कॅटेल यांनी विसाव्या शतकात दोन सांगितले: प्रवाही आणि स्फटिकी. अनोळखी कोडं सोडवताना लागते ती प्रवाही. ती तरुणपणी शिखरावर असते, मग हळूहळू उतरते. अनुभवातून साचते ती स्फटिकी. शब्दसंग्रह हे तिचं ठळक उदाहरण, आणि तो साठीपर्यंतही वाढत राहतो.

म्हणजे मावशींची बेरीज झटपट झाली म्हणून तिला प्रवाही म्हणू नका. रोज तेच भाव, तीच वजनं. ती वर्षानुवर्षांच्या सरावाने घट्ट झालेली आहे. प्रवाही भाचीची: स्पर्धा परीक्षेतल्या आकृत्यांच्या मालिकेत पुढची आकृती कोणती, हे मी चष्मा पुसेपर्यंत तिला दिसलेलं असतं.

हे सगळं मी तिला समजावत होतो, तेवढ्यात ती मागे वळली आणि मूठभर कोथिंबीर फुकट घेऊन आली. मागून मावशींचा आवाज आला, "बेरकी आहेस गं पोरी!"