इंग्रजीतलं 'मी' आणि आपलं 'मला'

इंग्रजीतलं 'मी' म्हणजे मराठीतलं 'मला'. खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांत घोळ इथूनच सुरू होतो. उच्चार तोच, विभक्ती भलतीच. त्यात १९५६ साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि पुढे मराठी मुलांच्या दप्तरात कन्नडचं पुस्तकही आलं. तीन भाषांचं ओझं होतं ही तक्रार खोटी नाही. तरी इंग्रजी सर्वनामांचा इतिहास कळायला ही मुलं मोक्याच्या जागी बसली आहेत.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीप्रत्यय लागत. 'त्याला' या अर्थी दोन रूपं होती: द्वितीयेचं 'हिने' (आपल्या 'हिने'शी याचं नातं नाही) आणि चतुर्थीचं 'हिम'. कन्नड हा भेद अजून पाळते. 'मला पाहिलं' म्हणताना 'नन्नन्नु', 'मला दिलं' म्हणताना 'ननगे'. मराठीत दोन्हीकडे 'मला'च. म्हणून तर 'स, ला, ते' दोनदा का घोकायचं, असं पोरं विचारतात. इंग्रजीनंही शेवटी मराठीचीच वाट धरली. 'हिने' गळालं, 'हिम' दोन्ही कामांना उरलं. आज छळणारं 'हूम'सुद्धा मूळचं चतुर्थीचं. नामांचे प्रत्यय झिजले, कर्ता-कर्म ओळखायचं काम शब्दक्रमाकडे गेलं. जुनी रूपं टिकली ती सर्वनामांत.

त्याहून गमतीची गोष्ट 'लाइक'ची. आपण 'मला आवडतं' म्हणतो, तशीच रचना जुन्या इंग्रजीत होती: आवडणारी वस्तू कर्ता, माणूस चतुर्थीत. 'मीथिंक्स' म्हणजे तर सरळ 'मला वाटतं'. पुढे इंग्रजीनं त्या माणसाला कर्त्याच्या जागी बसवलं आणि 'आय लाइक' रूढ झालं. म्हणजे आपलं पोर 'मी लाइक' लिहितं, तेव्हा चूक असते खरी, पण खानदानी!

'यू'सुद्धा एके काळी फक्त कर्माचं रूप होतं. कर्त्याला 'ये' होतं, ते मागे पडलं.

मग 'बिट्वीन यू अँड मी'ऐवजी 'बिट्वीन यू अँड आय' म्हणणं चूक कधी ठरलं? शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या पत्रात ते बिनदिक्कत आलंय. अठराव्या शतकात व्याकरणकारांनी लॅटिनकडे बघत नियम आवळले. रॉबर्ट लाउथचं व्याकरण १७६२चं, लिंडली मरेचं १७९५चं. 'इट इज आय' म्हणावं हा आग्रह त्याच परंपरेतला. बोलताना मात्र 'इट्स मी'च चालतं.

शाळेत 'माय फ्रेंड अँड आय' इतकं ठोकून घेतात, की मुलं 'टू'नंतरही तेच लिहितात. तिथं मित्राला वाक्यातून बाहेर काढायचं. 'गिव्ह इट टू आय' असं कुणी म्हणेल का?