पाळीव प्राण्यांचा परदेश प्रवास : आरोग्यविषयक कागदपत्रे

घरचा कुत्रा किंवा मांजर एका देशातून दुसऱ्या देशात नेताना त्याची ओळख, लसीकरण आणि प्रकृती यांविषयी जे दाखले द्यावे लागतात, त्यांचा संच. मायक्रोचिपची (कातडीखाली बसवलेल्या ओळख-क्रमांकाच्या चिपची) नोंद, रेबीजच्या लसीची नोंद, रक्तातील प्रतिपिंडांचा (लसीमुळे तयार होणाऱ्या, रोगाशी लढणाऱ्या घटकांचा) अहवाल आणि शासकीय पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्याचा आरोग्य दाखला ही त्यातली मुख्य कागदपत्रे. यांपैकी कोणती लागणार हे जिथे जायचे तो देश ठरवतो. भारतात शासकीय दाखला केंद्र सरकारची पशु विलगीकरण व प्रमाणन सेवा देते. बोलण्यात तिला एक्यूसीएस म्हणतात. तिची केंद्रे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद येथे आहेत. नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेले ‘प्रवासास योग्य’ असे पत्र लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही.

प्राण्यांच्या प्रवासावरील आंतरराष्ट्रीय देखरेखीच्या इतिहासात भारताचाही एक धागा आहे. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली वशिंडाची गुरे वाटेत बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरली आणि तिथे बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या रोगाची, साथ आली. या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिस येथे प्राण्यांच्या साथींसाठी एक कायमचे कार्यालय स्थापन केले. आजची जागतिक पशुआरोग्य संघटना ती हीच.

कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत मात्र सगळे नियम रेबीजभोवती फिरतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही आणि चावा लागल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणजे आज धडधाकट दिसणारा कुत्रा रोगमुक्त असेलच असे नाही. म्हणूनच ब्रिटनने विसाव्या शतकभर बाहेरून आलेल्या प्राण्यांना सहा महिने विलगीकरणात ठेवले. २००० पासून काही निवडक देशांतील प्राण्यांना चिप, लस आणि रक्तचाचणी यांच्या आधारे सूट मिळू लागली; भारतातून जाणाऱ्यांना हा मार्ग २०१२ मध्ये खुला झाला.

या कागदपत्रांची खरी अडचण त्यांच्या संख्येत नाही, तारखांच्या क्रमात आहे. युरोपीय संघाचे उदाहरण घेऊ. आधी पंधरा अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण चिपच्या आधी टोचलेली लस धरली जात नाही, कारण ती याच प्राण्याला टोचली याचा पुरावा उरत नाही. लसीच्या वेळी पिल्लू किमान बारा आठवड्यांचे हवे. लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असले पाहिजे. व्यवहारात याला टायटर चाचणी म्हणतात. रक्त काढल्याच्या दिवसापासून पुढे तीन महिने थांबावे लागते. चाचणीने लस लागू पडल्याचे कळते. लसीच्या आधीच संसर्ग झाला असेल तर तो उघड व्हायला हे महिने लागतात. जानेवारीच्या पहिल्या तारखेला चिप आणि लस झाली, तर रक्त जानेवारीअखेर आणि प्रवास मे महिन्याच्या तोंडावर. ही मुदत पैशाने वा ओळखीने कमी होत नाही.

नोकरीचे पत्र हाती पडल्यावर महिन्याभरात निघणाऱ्या कुटुंबाचा कुत्रा याच हिशेबात मागे राहतो. मालकांचा जीव तुटतो आणि कुत्र्याला तर काहीच समजावता येत नाही. परदेशी जाण्याची पुसटशी शक्यता असली तरी पहिल्याच लसीच्या वेळी चिप बसवून घ्यावी. बूस्टरची तारीखही चुकू देऊ नये: डोस वेळेवर होत राहिले तर टायटरचा अहवाल युरोपसाठी पुन्हा करावा लागत नाही, एकदा खंड पडला की सगळे पहिल्यापासून.

शासकीय आरोग्य दाखला शेवटच्या टप्प्यावर येतो, कारण तो युरोपात पोहोचण्याआधीच्या दहा दिवसांतलाच लागतो. ब्रिटन, आयर्लंड, माल्टा, फिनलंड आणि नॉर्वे येथे कुत्र्याला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीवरील औषध देऊन त्याची वेळही नोंदवावी लागते. विमान उशिरा सुटले तर हा हिशेबही बिघडू शकतो.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांचे नियम कडक केले. तिथल्या यादीत भारत रेबीजचा मोठा धोका असलेल्या देशांत मोडतो, त्यामुळे भारतात लस घेतलेला कुत्रा सहा महिन्यांहून लहान चालत नाही, ठरावीक विमानतळांवरच उतरवता येतो आणि तिथल्या नोंदणीकृत केंद्रात त्याची तपासणी होते. टायटरचा अहवाल नसेल तर २८ दिवसांचे विलगीकरण. जपानमध्ये रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबावे लागते. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट नेताच येत नाही, आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात राहावे लागते.

या वर्गवारीत देश हेच एकक धरले जाते. गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोठी मोहीम चालू आहे आणि २०२१ मध्ये राज्याला रेबीज-नियंत्रित क्षेत्र घोषित करण्यात आले. तरीही म्हापशाच्या रस्त्यावरून उचलून घरी आणलेल्या पिल्लाला देशातल्या इतर कुठल्याही पिल्लाएवढीच वाट पाहावी लागते. गोव्याने केलेल्या कामाच्या मानाने हे अन्यायाचे वाटते. पण राज्याराज्यांत कुत्र्यांच्या ये-जा करण्यावर कसलीच तपासणी नसताना परदेशी अधिकाऱ्यांनी वेगळा विचार करावा, असेही म्हणता येत नाही.

भारतात प्राणी आणताना एक्यूसीएसचे ना हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते आणि विमानतळावर तिचे अधिकारी प्राण्याची तपासणी करतात. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनमधून सुटका करून आणलेल्या भारतीयांपैकी काहींनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, आपली कुत्री-मांजरे मागे सोडायला नकार दिला. तेव्हा केंद्र सरकारने या नियमांत एक वेळची सवलत देऊन ती सोबत आणू दिली.