पोटातलं बाळ, अंगावरचं बाळ आणि दारू: हिशोब दोन आहेत, एक नाही

नऊ महिने "हे नको, ते नको" ऐकून बाईला ती यादी तोंडपाठ झालेली असते, मग बाळ झालं की तीच यादी जशीच्या तशी पुढे चालू. पपई नको, ब्रुफेन नको, वाईनचं तर नावच नको. नणंदेच्या लग्नात अर्धा ग्लास वाईन घेतली म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत बाळाला डब्याचं दूध पाजणाऱ्या आया आहेत, आणि उलट बाजूला "थोडी घेतली तर चालते म्हणे" हे अंगावर पाजण्याबद्दल कुठंतरी वाचून ते थेट प्रेग्नन्सीला लावणाऱ्याही आहेत. पहिलीचं निदान बाळ सुखरूप आहे, दुसरीचा घोळ मात्र महागात पडू शकतो.

पोटात असताना काय होतं तर वार (प्लेसेंटा) दारूला अजिबात अडवत नाही. आईच्या रक्तात जेवढी दारू, तेवढीच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात, वर त्याचं लिव्हर अजून कामाचं नाही आणि गर्भजलात उतरलेली दारू ते परत गिळत राहतं, म्हणजे आईची उतरली तरी त्याची उतरायला वेळ लागतो. आणि हे सगळं मेंदू घडत असताना. १९७३ साली अमेरिकेत सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी अशा मुलांच्या चेहऱ्यातलं, वाढीतलं, मेंदूतलं साम्य मांडलं आणि त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम हे नाव मिळालं. किती घेतली तर चालते याचा सेफ आकडा आजपर्यंत कुणाला सापडलेला नाही, त्यामुळे उत्तर शून्य. इथे वाद घालण्यात अर्थ नाही.

आता दूध. आईच्या रक्तात दारूचं जे प्रमाण तेच साधारण दुधात, हे खरंय, आणि बहुतेक जणी इथपर्यंत वाचूनच घाबरतात. पण पुढचं गणित करून बघा ना. आपल्याकडे गाडी चालवताना पोलीस जी मर्यादा धरतात ती १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. आईच्या रक्तात बरोब्बर तेवढी आहे समजू. पोटातल्या बाळाच्या रक्तातही मग ३० च्या आसपास. पण ५ किलोच्या बाळाने त्याच वेळी १०० मिली दूध प्यायलं तर त्याच्या पोटात गेली एकूण ३० मिलिग्रॅम, ती त्याच्या अंगातल्या साडेतीन लिटर पाण्यात पसरणार, म्हणजे १०० मिलीला १ मिलिग्रॅमसुद्धा नाही. ३० कुठे आणि १ कुठे!

याचा अर्थ बिनधास्त प्या असा नाही हां. पहिले काही महिने बाळाचं लिव्हर दारू मोठ्या माणसाच्या जेमतेम अर्ध्या वेगाने काढतं, म्हणून न पिणं हेच सगळ्यात सोपं. पण घेतलीच, तर इथला नियम "कधीच नाही" असा नसून "थांब" असा आहे. एका ड्रिंकला दोन-अडीच तास. फक्त ते ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, १५० मिली वाईन वगैरे, आणि गोची इथेच होते, कारण आपला ६० मिलीचा पेग ४२.८ टक्क्यांचा असतो, तो दीड ड्रिंक भरतो आणि ८ टक्केवाल्या स्ट्राँग बियरची ६५० मिलीची बाटली जवळजवळ तीन. "एकच तर बियर घेतली" म्हणणारीला खरं तर सात तास थांबायला हवं. त्यामुळे बाळाला पाजून मग घ्यायची, किंवा आधीच दूध काढून फ्रिजमध्ये ठेवायचं.

आणि ते पंप करून फेकणं! छातीत दूध दाटून दुखायला लागलं तर जरूर काढा, पण त्याने दारू लवकर जात नाही. रक्तातली उतरली की दुधातली आपोआप उतरते, रक्तात असेपर्यंत नवीन येणाऱ्या दुधातही असणारच.

बियरने दूध वाढतं हेही ऐकलं असेल. बार्लीत काहीतरी आहे जे प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं हार्मोन, वाढवतं, पण अल्कोहोल दूध बाहेर सोडणारं ऑक्सिटोसिन हार्मोन दाबतं म्हणजे पान्हाच नीट फुटत नाही. फिलाडेल्फियाच्या संशोधक ज्युली मेनेला यांच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत आई प्यायल्यावर पुढचे तीन-चार तास बाळं सुमारे पाचवा हिस्सा दूध कमी प्यायली. आपल्याकडे बाळंतिणीला दशमूलारिष्ट देतात, त्यातही आंबवताना तयार झालेली दारू असते, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, वाचा एकदा. दोन-चार चमच्यांत ती दीड-दोन ग्रॅमच्या वर जात नाही, त्यामुळे त्याचा बाऊ नको, पण "आयुर्वेदिक आहे, घे अजून" असंही नको. बाळाच्याच तोंडात ब्रँडीचे थेंब घालणं ही मात्र सरळ दारू पाजणं झालं, सर्दी असो नाहीतर काही असो, सासूबाई रागावल्या तरी चालेल.

मला विचाराल तर अंगावर पाजताना दारूचा खरा धोका दुधापेक्षा अंथरुणात जास्त आहे. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपतं, त्यात एरवी आई झोपेतही सावध असते, पण प्यायलेली आई किंवा बाप शेजारी असेल तर ते सावधपण जातं आणि बाळ दबण्याचा, झोपेत अचानक जाण्याचा धोका खूप वाढतो. त्या रात्री बाळ न प्यायलेल्या माणसाकडे किंवा वेगळ्या पाळण्यात. सोफ्यावर घेऊन तर अजिबात झोपायचं नाही. सिगरेट ओढणाऱ्या आईबापांनाही हेच लागू. मिश्रीला मात्र दोन्हीकडे नकारच, पोटातल्या बाळाचं वजन त्याने कमी भरतं आणि दुधात निकोटिन आईच्या रक्तापेक्षाही जास्त उतरतं. पण मिश्री सुटत नाही म्हणून पाजणं बंद करू नका, पाजून झाल्यावर लावा आणि हळूहळू कमी करा.

बाकी यादीचं पटकन. पिकलेली पपई खा. ब्रुफेन पाचव्या महिन्यानंतर टाळतात ते पोटातल्या बाळासाठी, अंगावर पाजताना ते चालतं, पॅरासिटामॉल दोन्हीकडे चालतं. गोवर-रुबेलाची लस गरोदरपणी देत नाहीत, पाजताना देतात. उलटा प्रकार कोडीनचा, २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, पाजणाऱ्या आयांनी कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची दुखणं थांबवणारी औषधं घेऊ नयेत असं बजावलं, कारण काही जणींच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार भराभर होतं आणि दुधातून बाळाचा श्वास मंदावतो. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, म्हणून मेडिकलवाल्याला बाटली मागताना "बाळाला पाजतेय" हे आधी सांगायचं, खोकला कोरडा की ओला ते नंतर.