सिमेट्रिक, हर्मिशियन, हादामार: या स्पेशल मॅट्रिक्स आल्या कुठून?

मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि रकान्यांत मांडलेले आकडे. पुस्तकात स्पेशल मॅट्रिक्स म्हणजे व्याख्यांची यादीच असते, वाचून वाटतं कुणीतरी निवांत बसून प्रकार पाडले असतील. झालंय उलटं, आधी कुणाचंतरी गणित अडलं आणि त्यातून प्रकार निघाला.

सिमेट्रिकचंच घ्या ना. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे कक्षा हळूहळू बदलत राहतात, मग हा बदल आटोक्यात राहणार की वाढतच जाणार, यावर लाग्रांज, लाप्लास या गणितज्ञांपासून डोकेफोड चालू होती आणि सगळं येऊन अडायचं ते या बदलाच्या गणितातून निघणाऱ्या समीकरणाची उत्तरं रिअल (म्हणजे साधे, √-1 नसलेले आकडे) आहेत का इथे. गणितज्ञ कोशीने 1829 मध्ये दाखवलं की मॅट्रिक्सच्या कर्णाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तेच रिअल आकडे असतील, म्हणजे ती सिमेट्रिक असेल, तर उत्तरं रिअलच येणार. या उत्तरांना आजच्या भाषेत आयगनव्हॅल्यू म्हणतात. तेव्हा मॅट्रिक्स हे नावसुद्धा नव्हतं, ते सिल्व्हेस्टरने 1850 मध्ये दिलं! हर्मिटने 1855 मध्ये हेच कॉम्प्लेक्स (√-1 असलेल्या) आकड्यांसाठी केलं, फक्त तिथे समोरच्या आकड्यात √-1 च्या भागाचं चिन्ह उलटं असतं, तेच हर्मिशियन.

माझी आवडती मात्र हादामार. आत फक्त +1 आणि -1, आणि कुठल्याही दोन ओळी घेतल्या तर निम्म्या जागी जुळतात, निम्म्या जागी नाही. सर्वात छोटी बघा:

+ +
+ -

हिच्या चार कॉपी चौकोनात मांडा, खालच्या उजव्या कॉपीची सगळी चिन्हं उलटी करा, झाली 4 ची (4 ओळी, 4 रकाने) तयार, मग 8, 16, 32 असं कितीही. ही युक्ती सिल्व्हेस्टरची, 1867 ची, पण नाव लागलं हादामारचं, कारण डिटर्मिनंट (मॅट्रिक्समधल्या आकड्यांवरून काढलेला एकच आकडा) जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो हे त्याने 1893 मध्ये शोधलं आणि 12 व 20 च्या मॅट्रिक्सही दिल्या. 4 च्या प्रत्येक पटीला अशी मॅट्रिक्स असते असा अंदाज आहे, सिद्ध कुणीच केलेला नाही. 92 ची सापडायला 1962 उजाडलं, तीही कॉम्प्युटर लावून, आणि 428 ची तर 2005 मध्ये.

बरं, ही नुसती आकडेमोड नाही हां. 1971 मध्ये मंगळाभोवती फिरायला लागलेल्या मरीनर 9 या यानाने फोटो पाठवताना 32 च्या मॅट्रिक्समधल्या ओळी वापरल्या, 32 ओळी आणि त्यांच्या 32 उलट्या मिळून करड्या रंगाच्या 64 छटा, एका छटेला एक ओळ हाच तिचा कोड. कुठल्याही दोन कोडमध्ये निदान 16 जागी फरक असतो, त्यामुळे वाटेत 32 पैकी 7 बिट (म्हणजे + किंवा - ची चिन्हं) बिघडले तरी मूळ छटा बरोबर ओळखता यायची.