ईमेल धाडला कोणी?

मांद्र्याला माझ्या आतेभावाचं चार खोल्यांचं गेस्टहाउस आहे. डिसेंबरच्या तोंडावर पुण्याच्या एका पाहुण्याचा फोन आला, "आगाऊ रक्कम भरली, पावती कधी देता?" पैसे भलत्याच खात्यात गेले होते. खातेक्रमांक ज्या ईमेलने आला, त्यावरचा पत्ता मात्र गेस्टहाउसचाच, अक्षराचाही फरक नाही. भावाने घाबरून पासवर्ड बदलला. पण त्याच्या ईमेल खात्यात कोणी शिरलंच नव्हतं.

ईमेलची ने-आण ज्या एसएमटीपी नियमांनी होते, ते १९८२ सालचे. पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाव खरं आहे का, हे तपासायची सोय त्यांत नव्हती. शिवाय प्रत्येक मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, तो सर्व्हर एकमेकांना सांगतात. दुसरा आतल्या कागदावरचा, तोच आपल्याला दिसतो. दोन्ही एकच असले पाहिजेत असं बंधन नाही.

नंतर आलेल्या तपासण्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या, डीएनएस नोंदींवर चालतात; डीएनएस ही इंटरनेटवरची सार्वजनिक नोंदवही. आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्यांची यादी म्हणजे एसपीएफ; ती पाकिटावरचा पत्ता तपासते. डीकिम ही मेलवरची डिजिटल सही. सही केलेला मजकूर वाटेत बदलला तर ती जुळत नाही. या दोहोंपैकी एक तरी उत्तीर्ण हवी, आणि तीही दिसणाऱ्या पत्त्याच्याच डोमेनसाठी, असं डीमार्क म्हणतो. तसं नसेल तर मेलचं काय करायचं, तेही डोमेनचा मालक त्यातच लिहून ठेवतो.

पाहुण्याला आम्ही म्हटलं, मेल फॉरवर्ड करू नका, मूळ नोंदी हरवतात. संगणकावर जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडून फोटो पाठवा. फोटोत एसपीएफ 'पास'! पण ते कुठल्याशा तिसऱ्याच डोमेनसाठी. डीकिम नाही. डीमार्क 'फेल'. मग मेल पोचला कसा?

भावाच्या डोमेनची डीमार्क नोंद काढून पाहिली. होती, पण धोरण 'नन': फेल झालं तरी काही करू नका. वेबसाइट बनवणाऱ्याने तेवढंच लिहून सोडलं होतं. मला सगळ्यात खटकतं ते हेच. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून डीमार्क सक्तीचा केला, पण तिथेही 'नन' चालतं. नोंद आहे म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि दार मात्र उघडंच.

थेट 'रिजेक्ट' (मेल नाकारा) लिहिणंही बरं नव्हे. आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतं याचे अहवाल यावेत म्हणून आम्ही आधी एक पत्ता नोंदीत घातला. काही आठवड्यांत कळलं की बुकिंगचं सॉफ्टवेअर भावाच्या नावाने पावत्या पाठवतं आणि त्यांवर त्याच्या डोमेनची सही नाही. 'रिजेक्ट' असतं तर त्याच अडकल्या असत्या. ती सही बसवली, मग 'क्वारंटाइन' (संशयित मेल स्पॅममध्ये टाका), शेवटी 'रिजेक्ट'.

नावात एखादं जादा अक्षर घालून कोणी नवं डोमेन घेतलं, तर मात्र तिन्ही तपासण्या बिनदिक्कत पास होतात. म्हणून भाऊ आता खातेक्रमांक मेलवर देतच नाही; पाहुण्याला स्वतः फोन करून सांगतो.